चकतीवरचं दूध

११ नोव्हेंबर, सोमवार

यंत्रावर ठेवलेलं खाऊचं पाकीट बदललं. जुन्याची मुदत उद्या संपत होती. मुदत संपलेलं पाकीट वर राहिलं तर यंत्र बिघडतं असं इथे सगळे मानतात. मानत नाही म्हणणारेही त्याला हात लावत नाहीत. पाकीट हिरवंच हवं, नारळ आणि लोण्याच्या चवीचं. पिवळं चालत नाही. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी ठेवलेल्या पहिल्या पाकिटानंतर यंत्र वर्षभर अडलं नव्हतं.

जुनी पाकिटं टाकून देणं बरं नाही. मी ती खाते. मक्याचे पोकळ, हलके तुकडे. बोटांना पांढरी भुकटी धरते. खाऊन झाल्यावर नव्या चकत्या डब्यांत भरल्या.

मग आमचे प्रमुख फान सर यांनी मला आणि माझा सहकारी येन याला बोलावलं. जानेवारीत निधी देणारी समिती येणार आहे. लेप पसंत पडला तर तो प्राण्यांवरच्या चाचणीला जाईल आणि प्रयोगशाळेला पुढची तीन वर्षं मिळतील. पण संशोधकाची जागा एकच राहील. हे सांगताना सर चहाच्या कपाकडे बघत होते. येननं मान हलवली. मीही हलवली. त्याची आधी हलली. त्याला आधीच माहीत होतं.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. या वयात दुसरी जागा मिळत नाही. तो माझ्याहून बराच लहान आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चकतीवर दूध निघालं.

क्रमानं लिहिते. रक्ताला परकी वस्तू भेटली की आधी प्रथिनं येऊन चिकटतात. पेशी मागून येतात, गुठळी त्याहून मागून. आमचा लेप डायलिसिसच्या नळ्यांना आतून द्यायचा आहे. प्रथिनांना चिकटू न देणं एवढंच त्याचं काम. लेप दिलेली चकती माणसाच्या प्लाझ्मात बुडवायची, धुवायची, जे चिकटून राहिलं त्याचे तुकडे करायचे आणि यंत्राला द्यायचे. यंत्र एकेक तुकडा तोलतं. वजनांवरून मूळ प्रथिन कोणतं ते कळतं. यंत्राला कुणाची भीड नाही.

आज माणसाच्या रक्तात गाय निघाली. केसिन, दुधातलं प्रथिन. फार नाही, पण लेपाच्याच चकत्यांवर. यादीतून दूध वगळता येतं, लोक वगळतातही. पण दुधानं अडवलेल्या जागेवर एरवी काय बसलं असतं, की काहीच बसलं नसतं, हे कोण सांगणार? समिती नेमकं तेच विचारणार.

प्रयोगशाळेत दूध फक्त येन वापरतो. त्याच्या दुसऱ्या एका चाचणीत रिकाम्या जागा बुजवायला दुधाची भुकटी लागते. डबा त्याच्या कपाटात असतो. तो जेवायला गेल्यावर मी कपाट उघडून पाहिलं. डब्याचं झाकण सैल होतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

येनला सांगितलं. कसा प्रतिसाद देतो ते बघायचं होतं.

तो हसला. म्हणाला, "ताई, दूध कुठे नसतं? गेल्या वर्षी माझ्या नमुन्यात कुत्रं निघालं होतं, आठवतं का? घरमालकिणीचं. आणि वू मावशींच्या स्वेटरची मेंढी तर आपली कायमची सभासद आहे."

वू मावशी म्हणजे कार्यालय सांभाळणाऱ्या बाई. त्यांची लोकर सगळ्यांच्याच आकड्यांत असते, हे खरं आहे. पण तो हसला आधी आणि मग विचारात पडला. उलट व्हायला हवं होतं.

मी त्याला म्हटलं की तुझा डबा दुसऱ्या मजल्यावर ने. लगेच हो म्हणाला आणि दहा मिनिटांत नेलाही. निर्दोष माणूस थोडं तरी वाद घालतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डबा वर गेला. दूध गेलं नाही.

आता पहारा ठेवायचं ठरवलं आहे. कुणी हात लावायचा तर तो दुपारीच लावेल. जेवण झालं की वू मावशी दिवे घालवतात आणि सगळे आपापल्या टेबलावर डोकं टेकून झोपतात. शाळेत लागलेली सवय कुणाची सुटत नाही. येन टेबलावर झोपत नाही. त्याची घडीची खाट आहे. ती तो नमुन्यांच्या खोलीच्या दाराशी, भिंतीला लावून टाकतो. दुसरीकडे वारा लागतो म्हणे. सिंचूसारख्या वाऱ्याच्या गावात वारा कुठे लागत नाही?

आजपासून खाली जेवायला जाणं बंद केलं. माझ्या टेबलापाशी बसले. खालच्या खणात जुनी पाकिटं साठली आहेत, त्यांतलं एक फोडलं. चघळून खाल्लं की आवाज होत नाही. नमुन्यांच्या खोलीत मी काही खात नाही, बाहेरच खाते. नियम म्हणजे नियम.

सगळे झोपल्यावर आत जाऊन डबे तपासले. हातमोज्यांचं खोकं येनच्या उशाशी भिंतीवर टांगलेलं आहे. त्यातून मोजा ओढला की कर्रर्र आवाज होतो. म्हणून तशीच गेले. मी काही करत नाही, फक्त झाकणं उघडून चकत्या जागच्या जागी आहेत का ते बघते. एखादी सरकली असेल तर सरळ करते.

सगळं ठीक होतं. येन कुशीवर झोपला होता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दूध वाढलं. दुप्पट नव्हे, त्याहूनही जास्त.

मी पहारा ठेवला आणि दूध वाढलं. याचा अर्थ एकच. त्याला पहारा कळला आहे आणि तो मला खिजवतो आहे.

आणखी एक. या वेळी केराटिनही वर गेलं आहे, माणसाच्या कातडीतलं. ते थोडं नेहमीच असतं, हवेतूनही येतं. पण इतकं हवेतून येत नाही. कुणीतरी उघड्या हातांनी चकत्या हाताळल्या आहेत. आता शंकेला जागा नाही.

कुणाला बोलले नाही. आकडे बाजूला काढून ठेवले.

३ डिसेंबर, मंगळवार

वू मावशींनी जिन्यात गाठलं. दुपारी खाली का येत नाहीस, वाळून चालली आहेस, येनही विचारत होता, म्हणाल्या. मी विचारलं, तो का विचारत होता?

"अगं, काळजीनं. तुझं बाई काहीतरीच. दिवसभर त्याच्याकडे टक लावून बसतेस, लोकांना भलतंच वाटेल. त्याचं लग्न झालंय हो. पोर रांगायला लागलंय."

मी म्हटलं, मला कामाबद्दल बोलायचं असतं. त्या हसल्या. मग माझ्या काळ्या स्वेटरच्या पुढच्या भागावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "आणि हे काय पांढरं? कोंडा झालाय का तुला? काळे तीळ खा."

मी झटकलं. येन दुपारचा कुठे कुठे असतो ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं होतं, ते राहिलंच. एवढंच कळलं की आठवड्यातून तीन सकाळी तो वडिलांना डायलिसिसला सोडून येतो. हे तो सगळ्यांना सांगतो. लोकांच्या मनात जागा करायचा हा एक मार्ग असतो. माझे वडील कसे गेले हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आज तो जागा होता.

मी डबे तपासून बाहेर येत होते. दार ओढून घेतलं आणि खाली पाहिलं तर त्याचे डोळे उघडे. माझ्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होता. मग त्यानं डोळे मिटले. नुसते मिटले, झोपेतल्यासारखे नाही.

मी टेबलापाशी येऊन बसले. छाती धडधडत होती. पकडला तो गेला होता आणि धडधडत माझं होतं. तो झोपेचं सोंग घेतो, हे आता नक्की झालं. किती दिवस घेतो आहे? मी आत असताना तो जागा असतो, तर मी नसताना काय करत असेल?

वाऱ्यानं खिडक्या सारख्या वाजत होत्या. बाकी सगळे शांत झोपले होते.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी माझ्या टेबलावर हातमोज्यांचं नवं खोकं होतं. माझ्या मापाचं. कुणी ठेवलं ते कुणी सांगेना. वू मावशी म्हणाल्या, येननं मागवलं.

माझं माप त्याला कसं माहीत? आणि माझ्याच टेबलावर का?

खोकं उलटसुलट करून पाहिलं. एका कडेचं सील नीट वाटत नाही. त्याच्या हातून आलेली वस्तू मी नमुन्यांजवळ नेणार नाही. कपाटात टाकून दिलं.

दुपारी नेहमीसारखी आत गेले. हातमोजे न घालता. आता तर तेच सुरक्षित.

१७ डिसेंबर, मंगळवार

येन माझ्याकडे आला. दार लोटून घेतलं. मी ते पुन्हा उघडलं.

म्हणाला, ताई, रागावणार नसाल तर एक सांगतो. आपण आकडे फक्त माणसाच्या आणि नेहमीच्या भेसळीच्या यादीशी जुळवतो. बरेच तुकडे बिनओळखीचे राहतात. मी ते झाडापाल्याच्या यादीशी जुळवून पाहिले.

"मका निघाला. आणि नारळ."

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीकडे बघत होता.

माझे आकडे का उघडलेस, असं मी विचारलं. म्हणाला, आकडे सगळ्यांचेच आहेत. ते खरं आहे, पण त्यानं ते सांगायला नको होतं. मग म्हणाला, मका, नारळ आणि दूध एकत्र कुठे असतं, तुम्हीच बघा ना.

मी सरळ यंत्रापाशी गेले आणि वरचं पाकीट काढून त्याच्यासमोर धरलं. अखंड होतं. फुगलेलं, एक सुरकुती नाही. मी म्हटलं, हे मी ठेवलेलं आहे आणि हे फुटलेलं नाही.

"हो ताई. हे नाही फुटलेलं." मग म्हणाला, "उद्यापासून खाली जेवायला चला ना. उद्या तुमच्या आवडीच्या शेवया आहेत. मी जागा धरतो."

मका, नारळ, दूध. मला मूर्ख समजतो. यंत्रावरचं पाकीट माझ्या ताब्यात असतं हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे. पाकिटात आहे ते सगळं चकतीवर सापडलं की बोट माझ्याकडे दाखवता येतं. म्हणजे नुसतं दूध पुरेसं नव्हतं, म्हणून त्यानं आता हे टाकलं. त्याच्या हुशारीचं मला आश्चर्य वाटलं. खालचा खण उघडून पाहिला. पाकिटं होती त्यापेक्षा कमी वाटली. मी खाल्ली ती धरूनही कमी वाटली.

खणाला कुलूप लावलं.

२३ डिसेंबर, सोमवार

फान सरांकडे लेखी तक्रार दिली. दूध, केराटिन, मका, नारळ. कधीपासून, किती. येन झोपेचं सोंग घेतो तेही लिहिलं. डबा, झाकण, हातमोज्यांचं खोकं, सगळं.

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. सर माझे गुरू आहेत. माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली झाला. चष्मा काढला की वाईट बातमी असते.

म्हणाले, हा कागद संस्थेच्या चौकशी समितीकडे गेला तर उद्याच सगळे नमुने मोहोरबंद होतील. जानेवारीची समिती येणार नाही. लेप संपला. तुझी जागाही संपली आणि त्याचीही. हे तुला कळतंय ना?

मी म्हटलं, कळतंय. त्यांनी विचारलं, "लाइ, तुला खात्री आहे?"

"सर, आकडे माझे नाहीत, यंत्राचे आहेत."

ते म्हणाले, यंत्र काय सापडलं ते सांगतं. कुणी टाकलं ते सांगत नाही. त्यांनी कागद खणात ठेवला आणि काही दिवस मागून घेतले. बाहेर आले तेव्हा वू मावशी तांदळाच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या घालून केलेलं गोड सूप सगळ्यांना देत होत्या. शनिवारी वर्षातला सर्वांत लहान दिवस होता, तेव्हा सुट्टी असल्यामुळे आज. येननं वाटी माझ्यापर्यंत आणून दिली. मी ती गार होऊ दिली.

३० डिसेंबर, सोमवार

सरांनी आम्हा दोघांना बसवलं. कागद टेबलावर होता. येननं तो आधीच वाचलेला दिसला.

त्यानं काहीच नाकारलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. निर्दोष माणसानं नाकारलं असतं. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नाही. मग सरांकडे वळला. म्हणाला, समितीसाठी वेगळ्या चकत्या आहेत. त्याच खेपेतल्या, त्याच लेपाच्या. नोव्हेंबरपासून प्रत्येक खेपेला तो थोड्या बाजूला काढत होता. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या कपाटात आहेत, बंद. त्यांना कुणी हात लावलेला नाही. त्या चालवून बघा.

सरांनी विचारलं, आणि हा कागद?

"तो फाडून टाका, सर. चांद्र नववर्षाच्या सुट्टीनंतर मी राहणार नाही. जागा एकच आहे ना? मग चौकशी कशाला लागते?"

सर म्हणाले, येन, तू जे सांगत नाहीयेस ते सांग. तो म्हणाला, सांगण्यासारखं काही नाही. माझे बाबा नळीला जोडलेले असतात तेव्हा मी शेजारी बसलेला असतो. लेप पुढे जाऊ दे.

सरांनी कागद फाडला. मला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही. प्रश्न मागे उरतो. सरळ माणूस दुसरा संच लपवून का ठेवेल?

३ जानेवारी, शुक्रवार

त्याच्या चकत्या चालवल्या. सर स्वतः शेजारी उभे होते. डबे त्यांनीच खाली आणले, उघडलेही त्यांनी. मला फक्त यंत्र चालवायला सांगितलं.

दूध नाही. मका नाही. केराटिन नेहमीइतकं. माणसाची प्रथिनंही जवळजवळ नाहीत. साध्या चकतीवर थर आणि आमच्या लेपावर कोरं. इतकी वर्षं ज्याच्या मागे होतो ते समोर पडद्यावर होतं. सरांनी पडद्यावर हात ठेवला. मी त्यांना असं करताना कधी पाहिलेलं नाही.

तेव्हा येनला स्वच्छ काम करता येतं. करायचं असलं की.

१० जानेवारी, शुक्रवार

समिती येऊन गेली. लेप पुढे गेला. एका बाईंनी विचारलं, आकडे कुणाच्या हातचे? सर म्हणाले, प्रयोगशाळेचे. येन मागे उभा होता. जाताना त्यानं माझं अभिनंदन केलं. हात पुढे केला नाही, नुसती मान लववली.

१७ जानेवारी, शुक्रवार

चांद्र वर्षाच्या अखेरचं जेवण झालं. गावातल्या जुन्या हॉटेलात, वू मावशींच्या ओळखीचं. आमचं एकच गोल टेबल.

कोंबडी आली. आताशा अशा जेवणाला मुंडकं काढून आणतात किंवा कोंबडीच मागवत नाहीत. मालक म्हणजे जुन्या पद्धतीचा म्हातारा. अख्खी आणली, मानेसकट, आणि ठेवली ती चोच माझ्याकडे करून. कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे त्याला नव्या वर्षी काम नाही, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. कुणी चेष्टाही करेना. फान सरांचा हात उठला, पण ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. मी माझ्या वाटीकडे बघत राहिले. जागा माझी झाली आहे हे मला ठाऊक होतं. तरी कानांच्या पाळ्या तापल्या.

मधली काचेची फिरती थाळी हलली. येन ती बोटानं ढकलत होता, सावकाश. माशावरून, भाज्यांवरून, चोच फिरत फिरत त्याच्यासमोर आली तेव्हा त्यानं बोट ठेवून थाळी थांबवली.

"माझी बायको म्हणते, तुमच्याकडे बघून कोंबडीही तोंड फिरवते. आज फोटो काढून पाठवतो तिला."

सगळे हसले. वू मावशी हसल्या आणि मग रुमालानं डोळे पुसायला लागल्या. रस्सा तिखट आहे म्हणाल्या. रस्सा तिखट नव्हता.

त्यानं तंगडी तोडून माझ्या वाटीत ठेवली. "खा ताई. तुम्ही नीट जेवतच नाही."

इतक्या लोकांसमोर असा मोठेपणा दाखवण्यात त्याचा काय फायदा आहे, याचा मी घरी येईपर्यंत विचार केला. सापडला नाही. काहीतरी असणार. तंगडी मी खाल्ली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टीनंतर कामाला लागलो. येनचं टेबल रिकामं आहे. खाट तेवढी नेली नाही, भिंतीला टेकवून ठेवली आहे.

सरांनी नेमणुकीचं पत्र दिलं. मी सही केली. उठणार तोच म्हणाले, बस जरा. एक अट आहे. माझी नाही, येनची.

"जाताना त्यानं एकच मागितलं. दुपारी तू सगळ्यांबरोबर खाली जेवायला जायचंस. रोज. आणि झोपायच्या वेळी आपल्या टेबलावर झोपायचं. मी त्याला शब्द दिलाय."

मी विचारलं, का?

"मीही हेच विचारलं. तो म्हणाला, ताईंना कळेल, नाहीतर न कळलेलंच बरं." सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "तुला कळलं का, लाइ?"

मी म्हटलं, नाही.

ते म्हणाले, बरं.

मला एवढंच कळतं की दुपारी प्रयोगशाळेत कुणी असू नये असं त्याला वाटतं. गेल्यावरसुद्धा. कुणासाठी? पण सरांचा शब्द आहे. मोडता येत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नव्या चकत्यांचे आकडे आले. दूध नाही. मका नाही, नारळ नाही. केराटिन खाली.

तो जाऊन पंधरवडा झाला आणि दूध थांबलं. याहून सरळ पुरावा असू शकत नाही. सरांना नेऊन दाखवला. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, जेवणाची वेळ झाली, चल.

खाली गेले. रोज जाते आता. वू मावशी पिशवी उचलून जागा करून देतात. आज शेवया होत्या. मावशी येनबद्दल बोलत होत्या. ताइनानला बायकोच्या गावी दोन ठिकाणी विचारून आला, पण शैक्षणिक वर्षाच्या मध्यात कोण घेतं? सध्या घरीच आहे. वडिलांना नेतो-आणतो, पोराला सांभाळतो. लेपाची चाचणी कधी सुरू होणार ते त्यानं फोनवर विचारलं म्हणे. आणखी काही विचारलं का, मी म्हटलं. वू मावशी म्हणाल्या, तू जेवतेस का, ते.

मध्येच मला वाटलं, वर कुणीतरी आहे. नमुन्यांच्या खोलीत. नक्की वाटलं. उठायला लागले तर वू मावशींनी बाही धरली. बस गं, गार होतंय.

मी बसले. टेबलाभोवती पाहिलं. फान सर होते. वू मावशी होत्या. जे जे वर असू शकतील ते सगळे इथे होते, माझ्यासमोर, शेवया ओढत. एकेक करून पुन्हा पाहिले. वर कुणीही नव्हतं.

तरी मला घास उतरेना.